शेंडा

कार्तिकात शेंडे खुडतात.
आई आणि तिच्याबरोबरच्या सातजणी
पहाटेच अक्कोळच्या रानात तंबाखूच्या सरीत उतरतात.
दोन बोटांत कळी, मनगटाला हिसका,
फूल मातीत.
मागं वळून बघायचं नाही.
फूल राहिलं की पान पातळ पडतं
आणि पान पातळ पडलं की वखारीत मालकाचं तोंड.

मी त्यातलं एक उचललं,
ओल्या फडक्यात गुंडाळलं
आणि निपाणीत हुक्केरी मास्तरांच्या
पत्र्याच्या खोलीत आणलं.

मास्तर म्हणाले, रंगाला हात लावू नको. आधी पाणी.
नुसत्या पाण्यानं पाकळी काढ.
कागद चमकेल. चमक मरू दे.
मरता मरता गुलाबी सोड,
इतका फिका की बशीत दिसावा
आणि कागदावर शंका यावी.
मग ओणगली.

वाळू दे, असं ते मराठीत कधी म्हणत नाहीत.
बाकी सगळं मराठीत :
सावलीला काळा घेशील तर बोटं मोडीन,
जांभळट धर, थोडा हिरवा मिसळ.
शिव्यासुद्धा मराठीत.
थांबायला सांगायचं असलं की तेवढं कानडी.

ओणगली.
मी कागदाच्या कडेला बोटाची मागची बाजू टेकवते.
गार लागला तर अजून ओला आहे.

मास्तरांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
किराणा दुकानाची एकच पाटी पाच वेळा :
आधी मराठी,
मग वर कानडी, खाली मराठी,
मग नुसती कानडी,
मग एका रात्री कुणीतरी डांबर,
मग पुन्हा दोन्ही, मराठी जरा बारीक.
एनॅमल खालचं काही बोलू देत नाही, ते म्हणाले.
पुढं उन्हानं पोपडे सुटले
तेव्हा एका पोपड्याच्या पाठीला
एक काना आणि एक ओत्तक्षर
चिकटलेले निघाले.
हे त्यांनी मला गोष्ट म्हणून सांगितलं नाही.
ब्रश धुता धुता बोलत होते,
आणि मध्येच नळ बंद करायला उठले.

दुसरा हात नळीवर, पोपटी, देठाकडं दाट.
तिसरा पाकळीच्या टोकांना,
जिथं पाचही टोकं जरा मागं मुडपतात.
चौथा मी घाईनं दिला. खालचा ओला होता,
फुलकोबीसारखी कड उमटली.
मास्तर बघून गप्प.
पाण्याच्या रंगात चूक झाकता येत नाही,
तिच्या आजूबाजूला नीट वागता येतं, एवढंच.

घशातला पांढरा मात्र रंगवलेला नाही.
तो कागद आहे,
पहिल्यापासून कुणी हात न लावलेला.

जसजसा कागदावर गुलाबी चढत गेला
तसतसं पेल्यातलं फूल उतरत गेलं.
सहाव्या हाताला ते चुरगळून तपकिरी झालं होतं
आणि मी आठवणीतून रंगवत होते
सकाळी अकराचं ऊन.

शेवटी बघते तर खालच्या कोपऱ्यात अंगठा.
खुडलेल्या देठाचा चीक, काळपट, पक्का.
साबणानं जात नाही, आईच्या हातावरचा
माघापर्यंत जात नाही.
रबर घेतलं तर मास्तर म्हणाले, राहू दे.
सही तरी कुठं केलीयेस?

रात्री आईनं चित्र दिव्याखाली धरलं.
तीस वर्षं खुडते आहे,
पुरं उमललेलं कधी हातात राहिलं नाही.
बराच वेळ बघितलं. अंगठ्याशी थांबली,
आपला अंगठा तिथं न टेकवता नुसता जवळ नेला.
मग चित्र माझ्याकडं देत म्हणाली,
फूल राखलंस होय.
आता पान हलकं पडणार बघ.